झिंग्यांची टरफले, गूळ आणि विरजण: ड्रम नेमका सडतो कशामुळे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पैठणच्या बाजूला मासळी विकणाऱ्या एका भाऊंकडे रोज आठ-दहा किलो झिंग्यांची टरफले आणि डोकी साठतात, पावसाळ्यात खेकड्यांची कवचेही असतात. टाकायला जागा नाही आणि शेजारी वासाने वैतागले आहेत. जिवाणू वापरून यातून कायटोसान (टरफलातल्या कायटिनपासून बनवतात तो पदार्थ) निघते आणि ते महाग विकते, असे त्यांच्या वाचनात आले. म्हणून त्यांनी १० किलो टरफलांत अर्धा किलो गूळ आणि दोन लिटर ताक घालून ड्रम झाकून ठेवला. दोन दिवस आंबूस वास आला आणि तिसऱ्या दिवशी सगळे सडले. आता ते विचारतात, ताक चुकले की ड्रम?

भाऊ, ताक थोडे चुकले, पण मुख्य चूक गुळाच्या मापात आहे. आणि कायटोसानचे म्हणाल तर ते या ड्रममधून निघतच नाही. दोन्ही गोष्टी सविस्तर सांगतो, कारण बाकी सगळे त्यांवर अवलंबून आहे.

झिंग्याच्या ओल्या टरफलात ७० ते ७५ टक्के पाणी असते. १० किलोत कोरडा माल साधारण पावणेतीन किलो धरा. त्यात तीन गोष्टी एकमेकींत विणलेल्या असतात: एक तृतीयांशाच्या आसपास प्रथिने, ३५ ते ४० टक्के खनिजे (ही जवळजवळ सगळी कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपली चुनखडीच) आणि २० ते २५ टक्के कायटिन, म्हणजे कवचाला चिवटपणा देणारा तंतू. शिवाय थोडा नारिंगी रंग आणि तेल. कायटिन हवे असेल तर चुना विरघळला पाहिजे आणि प्रथिने सुटली पाहिजेत. कारखान्यात चुन्यासाठी हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरतात आणि प्रथिनांसाठी गरम कॉस्टिक सोडा. जिवाणूंच्या पद्धतीत हेच काम लॅक्टिक ॲसिड करते, आणि ते ॲसिड जिवाणू साखरेपासून बनवतात. प्रथिने तोडायला जिवाणूंची विकरे (एन्झाइम) असतातच, पण त्याहून मोठा वाटा झिंग्याच्या डोक्यातल्या पाचक विकरांचा असतो.

आता हिशोब करा. १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट विरघळवायला १८० ग्रॅम लॅक्टिक ॲसिड लागते, आणि तेवढे ॲसिड बनवायला जवळपास तेवढीच साखर. तुमच्या १० किलोत एक किलोच्या आसपास चुना आहे. म्हणजे १.८ किलो साखर नुसती चुनाच खातो. जिवाणूंच्या वाढीला आणि शेवटी थोडे ॲसिड शिल्लक राहायला हवे म्हणून दोन किलो धरा. गुळात ८० ते ८५ टक्के साखर असते, तेव्हा गूळ लागतो अडीच किलो. तुम्ही घातला अर्धा किलो. त्यातून जे ॲसिड बनले ते पाव किलोसुद्धा चुना न विरघळवता संपले. उरलेला चुना तसाच राहिला, त्याने सामू (pH; आकडा जितका कमी तितके आंबट) परत वर ओढला, आणि सामू ५.५ च्या वर गेला की सडवणारे जिवाणू प्रथिनांवर तुटून पडतात. दोन दिवस आंबूस वास आणि तिसऱ्या दिवशी सडका, हे वेळापत्रक नेमके साखर संपल्याचे आहे. लोणचे किंवा मुरघास याच तत्त्वावर टिकतो, पण त्यात ॲसिड खाणारा एवढा चुना नसतो. म्हणून तिथले माप इथे चालत नाही.

ताकाचे असे आहे. घरोघरच्या विरजणात वेगवेगळे जिवाणू असतात. दह्यातला एक प्रमुख जिवाणू, लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस, दुधातल्या साखरेवर पोसतो. उसाची साखर त्याला सहसा पचत नाही. त्यामुळे एखाद्याच्या ताकाने काम होते, एखाद्याच्या होत नाही. या कामाचा खरा गडी लॅक्टोबॅसिलस प्लँटारम. तो भाजीपाल्यावर राहतो, उसाची साखर आवडीने खातो, ३० ते ३७ अंशांत जोमाने वाढतो आणि सामू ४ च्या खाली गेला तरी तग धरतो. तो मिळवायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. एक किलो कोबी बारीक चिरा, २० ते २५ ग्रॅम मीठ लावून चांगला चुरा, बरणीत दाबून भरा. सुटलेल्या पाण्याखाली कोबी बुडालेला राहिला पाहिजे. आठ-दहा दिवसांत जो आंबट खार तयार होतो, त्यात शेवटी शेवटी हाच जिवाणू वरचढ झालेला असतो.

हा खार १०० मिली घ्या. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ५० ग्रॅम गूळ आणि दोन चमचे सोयाबीनचे पीठ घालून त्यात तो मिसळा. सोयाबीनचे पीठ विसरू नका. या जिवाणूंना साखरेबरोबर अमिनो आम्ले आणि जीवनसत्त्वे तयार मिळावी लागतात, नुसत्या गूळपाण्यात ते रेंगाळतात आणि तेवढ्यात यीस्ट पुढे निघून जाते. २४ ते ३६ तासांत सामू ४ च्या खाली आला आणि वास स्वच्छ आंबट असला की विरजण तयार. दारूसारखा वास आला तर ते टाकून पुन्हा करा.

आता प्रत्यक्ष घाणा. १० किलो टरफलांना ५० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम घ्या. अर्ध्याहून थोडाच भरतो, मग एवढा मोठा का? एक किलो चुना विरघळताना जवळपास २४० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. झाकण घट्ट लावले तर ड्रम फुगतो नाहीतर झाकण उडते. झाकणाला भोक पाडून नळी बसवा आणि तिचे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवा, नाहीतर झाकण नुसते सैल ठेवा. ड्रम बंद खोलीत ठेवू नका. लोखंड, पितळ, ॲल्युमिनियम काहीही आत नको.

टरफले ताजी हवीत, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ताजी याचा अर्थ सोलल्यापासून तीन-चार तासांत ड्रममध्ये. ४२ अंशांत दुपारभर ठेवलेला माल आधीच अमोनियाने भरलेला असतो. तो अमोनिया पहिले ॲसिड गिळून टाकतो, मग कितीही चांगले विरजण घाला. रोज घाणा लावणे जमत नसेल तर टरफले बर्फात किंवा डीप फ्रीजमध्ये ठेवा. उकळून ठेवायचा मोह टाळा. उकळल्यावर डोक्यातली विकरे मरतात आणि पुढे प्रथिने नीट सुटत नाहीत.

टरफले एकदा पाण्यातून काढा आणि अर्धा-एक सेंटिमीटरचे तुकडे होतील इतकीच कुटा. पीठ केलेत तर नंतर कापडातून गाळता येत नाही, अख्खी ठेवलीत तर आतल्या थरापर्यंत ॲसिड पोचायला वेळ लागतो. त्यात बारा लिटर पाणी घाला. नळाचे असेल तर रात्रभर उघडे ठेवलेले, म्हणजे क्लोरीन उडून जाते. दीड किलो गूळ विरघळवून घाला आणि दीड लिटर विरजण ओता (वरचे विरजणाचे माप दीडपट करा). मग थोडे थोडे व्हिनेगर घालत सामू ६ च्या खाली आणा. याने चुन्याचा हिशोब बदलत नाही, पण पहिल्या सहा-आठ तासांत सडवणाऱ्या जिवाणूंना पाय रोवता येत नाहीत. उरलेला एक किलो गूळ तिसऱ्या दिवशी घाला. सगळा एकदम घातला तर साखरेचे पाणी फार दाट होते आणि यीस्ट त्याची दारू करते.

सामू तपासायच्या पट्ट्या घेतल्याशिवाय हे काम सुरू करू नका. वासावर भरवसा ठेवला तर कळेपर्यंत उशीर झालेला असतो. २४ तासांनी ५.५ च्या खाली, ४८ तासांनी ५ च्या खाली आणि पुढे ४.२ ते ४.६ च्या दरम्यान, अशी चाल बरोबर. मध्येच ५ कडे परत चढू लागला तर साखर संपली असे समजून लगेच २००-३०० ग्रॅम गूळ घाला. ४८ तासांनंतरही ६ च्या वर असेल आणि डोळ्यांत झोंबणारा वास असेल, तर तो घाणा वाचत नाही. शेणखताच्या ढिगात खोल पुरा आणि वर फूटभर माती टाका.

दुसरी नेहमीची अडचण तरंगणाऱ्या टरफलांची. वायूमुळे ती वर येतात, हवेला लागतात आणि वरच्या थरावर बुरशी धरते. वर प्लास्टिकची जाळी ठेवून पाण्याने भरलेल्या बाटलीचे वजन द्या, आणि दिवसातून दोनदा ढवळा. दगड ठेवायचा असेल तर आपला काळा दगड चालतो. शहाबादी फरशीचा किंवा संगमरवराचा तुकडा मात्र नको, तो स्वतःच चुनखडी आहे आणि तुमचे ॲसिड खाईल.

३० ते ३५ अंशांत सहा ते आठ दिवस लागतात. थंडीत दहा-बारा दिवस धरा. उन्हाळ्यात ड्रम सावलीत ठेवून ओले पोते गुंडाळा, कारण आतले तापमान ४० च्या वर गेले की हे जिवाणू मंदावतात आणि ४५ ला थांबतात. काम झाले की नाही याची साधी परीक्षा अशी: एक तुकडा धुऊन वाळवा आणि त्यावर कडक व्हिनेगरचे थेंब टाका. फसफस झाली तर चुना बाकी आहे. तुकडा मऊ, कागदासारखा वाकणारा आणि शांत राहणारा हवा.

मग जुन्या पंचातून गाळा. चोथा दोनदा दोन-अडीच लिटर पाण्याने धुवा आणि ते पाणीही द्रवातच घाला. हातात एकूण २३ ते २५ लिटर नारिंगी-तपकिरी द्रव येतो, आणि चोथा वाळवल्यावर ८०० ते ९०० ग्रॅम भरतो. त्यात दोन तृतीयांशाच्या आसपास कायटिन, बाकी उरलेली प्रथिने आणि थोडा चुना.

आता कायटोसान. वरचा चोथा हे कच्चे कायटिन आहे. त्याचे कायटोसान करायला त्यातले ॲसिटाइल गट काढावे लागतात, आणि व्यवहारात ते ४० ते ५० टक्के कॉस्टिक सोड्यात १०० अंशांच्या आसपास काही तास शिजवूनच होते. हे काम करणारी विकरे निसर्गात आहेत, पण कायटिनचे रेणू इतके घट्ट रचलेले असतात की विकरे आत शिरत नाहीत. घराच्या अंगणात ५० टक्के कॉस्टिक उकळणे म्हणजे डोळे जाण्याची तयारी, ते करू नका. कच्चे कायटिन विकायचे म्हटले तर घेणारा राख, म्हणजे उरलेले खनिज, एक-दोन टक्क्यांच्या आत मागतो, आणि आंबवण्याच्या पद्धतीत दहा-पंधरा टक्के खनिज सहज मागे राहते. ते काढायला शेवटी सौम्य ॲसिड आणि सौम्य कॉस्टिकची एकेक धुणी लागतेच, फक्त कारखान्यापेक्षा बरीच कमी. ८-१० किलो रोजच्या मालावर वर्षाला दोन-अडीचशे किलो कायटिन होईल. एवढ्यासाठी सांडपाण्याची सोय आणि परवानग्या परवडत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. चार-पाच जण मिळून रोज दोन-तीन क्विंटल माल गोळा होणार असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेशी बोला, कायटिन-कायटोसानवर त्यांनी बरेच काम केले आहे.

मग तुमच्यासाठी यात काय आहे? शेती. पण इथेही माप नीट समजून घ्या.

द्रवात विरघळलेली प्रथिने आणि कॅल्शियम लॅक्टेट असते. नत्र म्हणाल तर २५ लिटरमध्ये जेमतेम १२० ग्रॅम, म्हणजे पाव किलो युरियाइतके. तेव्हा याला खताची जागा देऊ नका. फायदा आहे तो अमिनो आम्लांचा आणि पानावाटे मिळणाऱ्या विद्राव्य कॅल्शियमचा. टोमॅटो आणि मिरचीवर लिटरला १० मिली, दोनदा बारीक गाळून, संध्याकाळी फवारा. आधी दहा झाडांवर चार दिवस पाहा. हा द्रव १९:१९:१९ किंवा ०:५२:३४ अशा फॉस्फेट असलेल्या विद्राव्य खतांबरोबर कधीही मिसळू नका. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आले की गाळ बसतो आणि नोझल चोंदते. ठिबकमधून सोडणार असाल तर आणखी एक गोष्ट: थंडीत तळाशी पांढरे खडे बसतात. माल खराब झालेला नाही, ते कॅल्शियम लॅक्टेट आहे, पाण्यात मावत नाही इतके झाले की बाहेर पडते. तेवढेच पाणी घालून कोमट जागी ठेवा, विरघळते. पण तसेच ठिबकला दिलेत तर फिल्टर बंद पडतो.

टरफले जमिनीत पुरली तर चुना मिळतो ना, असेही काही जण म्हणतात. कोकणातल्या आम्लधर्मी मातीत त्याला अर्थ आहे. आपल्या काळ्या मातीचा सामू मुळातच ८ च्या आसपास, त्यात चुनखडी फुकट पडलेली. आपल्याला टरफलातला चुना नको आहे, कायटिन हवे आहे.

कायटिनचा उपयोग असा, की ते मातीत गेले की ते खाणारे जिवाणू वाढतात: बॅसिलस, पेनिबॅसिलस आणि मातीला पहिल्या पावसाचा वास देणारे स्ट्रेप्टोमायसिस. ते जे विकर सोडतात ते कायटिन तोडते, आणि हरभरा-तुरीच्या मर रोगाच्या फ्युजेरियम बुरशीची पेशीभित्तिका किंवा सूत्रकृमीच्या अंड्याचे कवच यांतही कायटिनच असते. मात्र परिणाम दिसायला मातीच्या एक टक्क्याच्या आसपास कायटिन लागते. एकरभर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात एक टक्का म्हणजे सुमारे आठ टन. तुमच्या ८०० ग्रॅमचे एकरभर काहीच होणार नाही, कोणी कितीही सांगो. रोपवाटिकेच्या मिश्रणात, आल्या-हळदीच्या बेण्याच्या वाफ्यात किंवा मोसंबी-डाळिंबाच्या खड्ड्यात मात्र ते माप गाठता येते: १० किलो मातीला ५० ते १०० ग्रॅम.

चोथा थेट रोपाजवळ टाकू नका. तो कुजताना अमोनिया सुटतो आणि कोवळी मुळे करपतात. एक किलो वाळलेला चोथा दहा किलो चांगल्या मुरलेल्या शेणखतात मिसळा, मुठीत दाबल्यावर गोळा होईल पण पाणी गळणार नाही इतका ओलावा ठेवा, आणि सावलीत तीन आठवडे झाकून ठेवा. आठवड्याने एकदा उलथा. ओल्या मातीचा वास यायला लागला की कायटिन खाणारे जिवाणू वाढलेले असतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे बायोमिक्स (उपयुक्त जिवाणू आणि बुरशींचे मिश्रण) किंवा नुसता ट्रायकोडर्मा (मित्रबुरशी) घालायचा असेल तर याच टप्प्यावर घाला. मग खड्ड्यात किंवा वाफ्यात मिसळा आणि दोन आठवड्यांनी लागण करा.

काही गोष्टी परिस्थितीवर बदलतात. माल समुद्री कोळंबीचा असेल किंवा सुकट-सोड्याचा चुरा असेल, तर आधी दोन-तीन पाण्यांतून काढून मीठ घालवा, आणि ते पाणी शेतात सोडू नका. खेकड्याच्या कवचात चुना निम्म्याहून जास्त आणि पाणी कमी, त्यामुळे १० किलोला सहा किलोच्या वर गूळ लागतो. ते परवडत नाही. खेकड्याची कवचे वाळवून, कुटून थेट कंपोस्टमध्ये घाला. शिंपले तर जवळपास शुद्ध चुनखडीच, त्यांना ड्रममध्ये जागाच नाही; बारीक करून कोंबड्यांना द्या.

गुळाचा खर्च कमी करता येतो. उसाच्या रसात १५ टक्क्यांच्या वर साखर असते, तेव्हा बारा-तेरा लिटर रस घेतला तर पाणी आणि गूळ दोन्हींची जागा भरते; फक्त रस आधी उकळून थंड करा, त्यात यीस्ट भरपूर असते. जालन्याकडे गळालेली मोसंबी स्वस्त मिळते, पण तिच्या रसात साखर ऊसरसाच्या निम्मीच, आणि सालीतले तेल जिवाणूंना मारक असते, म्हणून फक्त रस घ्या आणि वरून गूळ घालून माप पुरे करा. मळी सर्वांत स्वस्त, पण तिची खरेदी आणि साठवण राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याखाली येते, त्या वाटेला सहज जाऊ नका.

हातमोजे घाला, झिंग्याचा काटा लागलेली जखम लवकर चिघळते. झिंगे-खेकडे खाऊन ज्यांच्या अंगावर गांधी उठतात, त्यांना या फवारणीपासून लांब ठेवा. द्रव बाटलीत भरून विकायचा विचार असेल तर थांबा: अशी जैव-उत्तेजके २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत आणि विक्रीला नोंदणी लागते. स्वतःच्या शेतात वापरायला अडचण नाही. द्रव साठवताना झाकण सैल, जागा सावलीची, आणि महिन्यातून एकदा सामू पाहा. ५ च्या वर गेला की तो संपवा.

पहिला घाणा १० किलोचा करू नका. दहा लिटरच्या बादलीत दोन किलो टरफले, अडीच लिटर पाणी, ३०० मिली विरजण, ३०० ग्रॅम गूळ आणि तिसऱ्या दिवशी आणखी २०० ग्रॅम. शेजारी दुसऱ्या बादलीत तेच सगळे, पण गूळ एकूण १०० ग्रॅमच. दोन्हींचा सामू रोज सकाळी लिहून ठेवा. त्या आकड्यांसकट आणि व्हिनेगरच्या परीक्षेच्या निकालासकट पुन्हा लिहा, मग तुमच्या मालाला गुळाचे नेमके माप ठरवून देतो.